मी येईपर्यंत सोडू नका

ओट्यामागच्या भिंतीचं काय करायचं, ही चर्चा घरात सुरू झाली तेव्हाच धसकेरावांनी धसका घेतला होता.

धसकेराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. माणसं कशावरून घसरतात, काय डोक्यात पडतं, कशाचा भडका उडतो, हे दिवसभर वाचणं ही त्यांची नोकरी. इतकी वर्षं हेच वाचल्यामुळे त्यांना साधं स्टूल दिसलं तरी त्यावरून पडणारा माणूस आधी दिसायचा. ऑफिसातल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं, ते कसं कोण जाणे घरापर्यंत आलं आणि बायकोलाही ते पटलं.

जुन्या पिवळ्या टाइल्स पोकळ झाल्या होत्या. बायको म्हणाली, "बदलायच्याच आहेत तर आपल्या घराच्या वाटतील अशा लावू. आपले फोटो छापून घेऊ या का टाइल्सवर?"

"आणि तेलाचे शिंतोडे तुझ्या आईच्या तोंडावर उडाले म्हणजे?"

"मग आरसे लावू. स्वयंपाकघर मोठं दिसतं."

"मागून कुणी आलेलं एकदम आरशात दिसतं आणि बाई दचकते. आमच्याकडे असा दावा येऊन गेलाय."

"जुन्या नक्षीच्या बशा भिंतीवर चिकटवतात हल्ली. छान दिसतात."

"डोक्यात पडेपर्यंत छान दिसतात."

"बरं, मग तुम्ही सुचवा."

"पांढऱ्या," धसकेराव म्हणाले.

"अहो, पांढऱ्या सगळ्यांच्याच घरी असतात!"

"म्हणूनच. सगळ्यांच्या घरी असून आजवर कुणाला काही झालेलं नाही."

बायकोनं मग त्यांना विचारणंच सोडून दिलं. ती मातीकामाच्या वर्गाला जात असे. तिथं बसून तिनं टाइल्सवर स्वतःच्या हातानं चित्रं काढली, भट्टीत भाजून घेतली आणि चित्रांवर कागद चिकटवूनच टाइल्स घरी आणल्या. मागच्या बाजूला पेन्सिलीनं क्रम घातला, म्हणजे मिस्त्रीला चित्रं बघायची गरज नाही.

"काय काढलंयस?" धसकेरावांनी धीर करून विचारलं.

"आपला संसार," ती म्हणाली. "बाबा आले की त्यांच्यासमोरच कागद काढणार आहे. तोपर्यंत हात लावायचा नाही. भट्टीतून एकदाच निघालंय हे, पुन्हा होणार नाही."

हात लावायचा नाही, हे तिला वेगळं सांगावं लागत होतं, त्याला कारण होतं. धसकेरावांच्या हातून वस्तू सुटत. ते निष्काळजी होते असं मुळीच नाही. उलट वस्तू हातात आली की ती पडेल या धास्तीनं ते ती इतकी घट्ट धरत, की तळहाताला घाम फुटे आणि घामानं ती निसटे. अशा पुष्कळ वस्तू त्यांनी जिवापाड जपता जपता फोडल्या होत्या. त्यातली सगळ्यात भयंकर म्हणजे सासऱ्यांचा जग.

सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदार त्यांना पाहून तराजू पुसायला घेत, असा त्यांचा दरारा. लग्नात त्यांनी मुलीला काचेचा एक मोठा मापाचा जग दिला होता. स्वतः तपासून दिलेला. "यात एक लिटर म्हणजे एक लिटरच," ते म्हणाले होते, "थेंब इकडचा तिकडे नाही." तो जग पहिल्याच वर्षी धसकेरावांच्या हातून गेला. सासऱ्यांना ते सांगण्याची दोघांचीही छाती झाली नाही. तेव्हापासून सासरे येत आणि विचारत, "जग कुठाय?" आणि धसकेराव सांगत, "वर कपाटात नीट ठेवलाय, बाबा. रोजच्या वापरात कशाला काढायचा?"

आज सासरे येणार होते आणि या वेळी त्यांनी फोनवर बजावलं होतं, "नव्या ओट्यावर माझा जग दिसला पाहिजे." बायको त्यांना आणायला स्टेशनवर गेली होती. आणि धसकेराव, भिंतीची काळजी आणि जगाची काळजी अशा दोन काळज्या घेऊन, मिस्त्रीच्या मागं उभे होते.

"चिकटवायचं केमिकल पुरेसं लावलंय ना?"

"हो साहेब."

"ही जरा पुढं आलीय का?"

"नाही साहेब."

"खालची ओळ वरच्या ओळीचं वजन घेईल ना? एकदा आमच्याकडे…"

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. सकाळपासून त्यानं जितक्या टाइल्स लावल्या होत्या त्याहून जास्त उत्तरं दिली होती. शेवटची टाइल त्यानं कोपऱ्यात बसवली, कानोसा घेतल्यासारखी मान वाकडी केली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, इकडं या. हात ठेवा हिच्यावर. असा, पूर्ण पंजा."

धसकेरावांनी पंजा ठेवला.

"दाबून धरा. मी फटी भरायचं पांढरं सिमेंट घेऊन येतो. मी येईपर्यंत सोडू नका."

"सोडली तर?"

मिस्त्रीनं त्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवली, एक सुस्कारा सोडला आणि तो निघून गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं.

त्या सुस्काऱ्याचा अर्थ धसकेरावांनी लगेच लावला. त्यांना स्पष्ट दिसलं, की ही एक सुटली की शेजारची सुटेल, मग तिच्या शेजारची, आणि बायकोचा अख्खा संसार ओट्यावर ठिकऱ्या होऊन पडेल. त्यांनी डावा हातही उजव्यावर ठेवला. जरा वेळानं नाकाला खाज आली. ती त्यांनी दंडावर नाक घासून भागवली. खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी डावा हात सोडून कसाबसा फोन काढला.

"अहो, गाडी वेळेवर आली. आम्ही निघालोच," बायको म्हणाली. "सगळं ठीक ना?"

"ठीक. तू सावकाश ये. खूप सावकाश ये."

"का हो? काय झालं?"

"काही नाही! काही होऊ नये म्हणूनच म्हणतोय!"

फोन ठेवून त्यांनी मिस्त्रीला लावला. मिस्त्रीचा फोन ओट्यावर, थापीच्या शेजारीच वाजला. तेव्हा मात्र धसकेरावांना दरदरून घाम सुटला. हाताखालचा कागद ओलसर लागायला लागला. आजवर हातून गेलेली प्रत्येक वस्तू जायच्या आधी अशीच ओलसर लागली होती. या वेळी नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. हात गळून पडला तरी चालेल, पण ही टाइल नाही. एकदा तरी बायकोनं घरात यावं आणि तिला केरसुणी शोधावी लागू नये.

उघडं दार बघून समोरच्या घरातल्या काकू डोकावल्या. "अहो भाऊ, असे भिंतीला का टेकलात? चक्कर येतेय का?"

"काकू, आत या, पण पाय आपटू नका. ही टाइल धरलीय. सोडली तर सगळी भिंत येईल."

काकू चवड्यांवर चालत जवळ आल्या. भीती त्यांना फार लवकर लागत असे, सर्दीसारखी. त्यांनी डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "अगंबाई! ही शेजारची हलतेय!"

"हलतेय?"

"आत्ता हलली! मी पाहिलं!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ती दाबून धरली. दोघंही काही क्षण श्वास रोखून उभे राहिले. मग काकूंचे डोळे मोठे झाले. "भाऊ, मी गॅसवर दूध ठेवून आलेय!"

"मग जा ना!"

"आणि ही पडली तर? तुमची बायको म्हणेल, काकूंनी पाडली. मी नाही बाई सोडणार."

गॅस, दूध आणि रिकामं घर. धसकेरावांच्या डोळ्यांपुढून असे बरेच दावे सरकून गेले. ते ओरडणार इतक्यात दारातून आवाज आला, "पार्सल! सही लागेल!"

"अहो पार्सलवाले," काकू किंचाळल्या, "आधी समोरच्या घरात जा आणि गॅस बंद करा!"

पार्सलवाला सरळमार्गी माणूस होता. त्यानं पार्सल दाराशी ठेवलं, समोरच्या घरात जाऊन गॅस बंद केला, उतू गेलेलं दूध फडक्यानं पुसलं आणि परत आला. "आता सही."

"हात मोकळा नाही," धसकेराव म्हणाले.

"मग काकू करतील," पार्सलवाला म्हणाला.

"माझाही नाही," काकू म्हणाल्या. "एक काम करा, जरा ही धरा. मी पटकन सही करते."

पार्सलवाल्यानं काकूंची टाइल धरली. काकूंनी सही केली. पण वळून पाहतात तर त्याच्या कोपराजवळची तिसरी टाइल त्यांना हललेली दिसली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. आता पार्सलवाल्याला सोडवणारं कुणी उरलं नाही.

"काकू, मला अजून पार्सलं पोचवायची आहेत हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"मग सोडा," धसकेराव म्हणाले. "पण विचार करून सोडा."

त्यानं विचार केला आणि सोडली नाही.

तिघंही भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभे होते, तेव्हाच दारात सासऱ्यांचा आवाज गरजला, "हे काय? झडती चाललीय का?"

धसकेरावांनी मान वळवली. सासरे दारात उभे होते. पांढऱ्या भुवया, इस्त्रीचा शर्ट आणि कमी माप पकडायला सरावलेली ती नजर. मागं बॅग घेऊन बायको.

"या बाबा," धसकेराव भिंतीला चिकटूनच म्हणाले. "नमस्कार नंतर करतो."

सगळी हकिगत तिघांनी एकदमच सांगितली. बायकोनं ओठ घट्ट मिटून घेतले. ती हसू दाबतेय की राग, हे धसकेरावांना कळेना, म्हणून तो रागच असणार, असं ते धरून चालले.

सासरे पुढं आले. त्यांनी बोटाच्या पेरानं एकेक टाइल वाजवून पाहिली. पार्सलवाल्याच्या टाइलपाशी ते थांबले. "ही पोकळ वाजतेय. हिच्या वरचीही. तुम्ही व्हा बाजूला." पार्सलवाला असा निसटला, की त्याचं पेनही तिथंच राहिलं. सासऱ्यांनी एक हात एका टाइलवर, दुसरा उंच करून दुसरीवर रोवला. "माझ्या हातून आजवर एकही वस्तू सुटलेली नाही, जावईबापू. पकड कशी असते बघा. लोखंडासारखी हवी."

"हो बाबा."

"बरं, माझा जग कुठाय?"

धसकेरावांनी पंजा टाइलवर आणखी दाबला. "वर… वर कपाटात आहे, बाबा. सिमेंटची धूळ बसेल म्हणून…"

"काम संपलं की काढा. मला नव्या ओट्यावर बघायचाय."

काम कधीच संपू नये, असं धसकेरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. इकडे टाइल सुटेल, तिकडे जग उघडा पडेल. नजर फिरवायलाही जागा नव्हती. ते कागदाकडेच बघत राहिले.

बायकोनं पार्सल उघडलं. "अय्या, आईनं कप पाठवलेत! किती नाजूक आहेत बघा! बाबा, तुम्ही येतच होता की. मग आईनं पार्सलनं का पाठवले?"

"मला ओझं नको म्हणून," सासरे म्हणाले आणि उगाचच खाकरले.

बायकोनं विजेच्या किटलीत चहा ठेवला. सासऱ्यांचा वरचा हात हळूहळू थरथरायला लागला होता, पण लोखंडासारख्या पकडीबद्दल बोलून झालेलं असल्यानं त्यांना तो खाली घेता येईना. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. चहा कपात ओतला जात होता तेव्हा मिस्त्री दात कोरत आत आला आणि उंबऱ्यावरच थबकला.

"साहेब, तुम्ही अजून धरूनच आहात?"

"तुम्हीच म्हणालात ना, मी येईपर्यंत सोडू नका!"

"ते हो…" मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "मी जेवून जरा आडवा झालो होतो. अहो, तो माल चहा ओतून होईपर्यंत पक्का होतो. सोडा की आता."

"मग मला धरायला का सांगितलंत?"

मिस्त्रीनं बायकोकडं पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं, आणि खरं बोलायचं ठरवलं. "प्रत्येक घरात एक जण असतोच, साहेब, सारखं विचारणारा. त्याला काहीतरी धरायला दिलं की काम पुढं सरकतं. पण एकदम तिघंजण धरून बसलेले मी आजच बघितले."

तरीही सोडायला कुणी तयार होईना. शेवटी बायको धसकेरावांच्या जवळ आली आणि तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "सोडा," ती हळूच म्हणाली, "मी आहे." धसकेरावांनी डोळे मिटले आणि हात काढला. काहीच पडलं नाही. काकूंनी सोडली, सासऱ्यांनी सोडली. भिंत होती तिथंच होती. धसकेरावांना इतकं हलकं वाटलं, की रडू येईल असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून एक वस्तू सुखरूप सुटली होती.

"आता कागद काढते," बायको म्हणाली.

पहिल्या कागदाखाली एक थर्मामीटर निघाला, निळ्या रेषांत रंगवलेला. दुसऱ्याखाली किटलीचं झाकण. तिसऱ्याखाली हात-आरसा. धसकेराव एक पाऊल मागं सरकले. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. आपला संसार म्हणजे काय, ते आता त्यांना कळलं. आजवर त्यांच्या हातून जे जे फुटलं होतं, ते ते सगळं बायकोनं भिंतीवर मांडलं होतं.

"ही माझी साखरेची बरणी!" काकू ओरडल्या. "भाऊ, तुम्ही तर म्हणाला होता, पाहुणे घेऊन गेले!"

धसकेरावांनी खाली फरशीकडं पाहिलं. पुढचा कागद कुठला असणार, हे त्यांना न बघताच ठाऊक होतं. कागद फाटल्याचा आवाज आला.

"हा माझा जग आहे," सासरे म्हणाले. "खुणा बरोबर आहेत. पाव, अर्धा, पाऊण. खरा कुठाय?"

धसकेरावांनी तोंड उघडलं. कपाट हा शब्द ओठांवर आला होता. पण समोर भिंत होती आणि भिंतीसमोर खोटं बोलायची ताकद आता उरली नव्हती. "फुटला, बाबा. पहिल्याच वर्षी. माझ्याच हातून."

"हे चित्र मीच काढायचं ठरवलं, बाबा," बायको म्हणाली. "किती वर्षं तुम्हाला खोटं सांगायचं? आणि तुम्ही यांना बोलू नका. हे सगळं यांनी जपता जपताच फोडलंय. वस्तूंची इतकी काळजी घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही."

हे ऐकून धसकेराव खाली वाकले. ते नुसते कागदाचे कपटे उचलू लागले. सासरे मात्र बराच वेळ जगाच्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या शेवटच्या टाइलकडे गेलं, जिच्यासाठी धसकेराव इतका वेळ जीव मुठीत धरून उभे होते. बायकोनं तिचा घामेजलेला कागद ओढला. खाली काहीच नव्हतं. नुसती पांढरी टाइल.

"ही कोरी का?" सासऱ्यांनी विचारलं.

"पुढच्या वस्तूला जागा नको का ठेवायला?" बायको म्हणाली.

सगळ्यांनी धसकेरावांकडे पाहिलं. धसकेरावांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"जावईबापू," सासरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज पूर्वीचा झाला, "वस्तू धरण्याचंही एक तंत्र असतं. तुम्ही भिऊन धरता, तिथं चुकतं. हे बघा." त्यांनी सासूबाईंनी पाठवलेला चहाचा कप उचलला. "तीन बोटं कपाच्या कानात. अंगठा वर. मन शांत. आणि…"

इतका वेळ भिंतीवर उंच रोवलेला तो हात मुंग्यांनी भरला होता, हे सासऱ्यांना कप निम्म्या वाटेवर असताना कळलं. कप फरशीवर पडला आणि कान एकीकडे, बाकीचा कप सगळीकडे झाला.

काकूंनी पाय मागं घेतले. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. पडद्यावर नाव बघून ती म्हणाली, "आईचा आहे."

धसकेरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना नवल वाटलं. ज्यांच्यामुळे दुकानदार तराजू पुसत, ते निरीक्षक दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. असा चेहरा धसकेरावांनी रोज आरशात पाहिला होता.

"कप पोचले का, विचारेल," सासरे पुटपुटले. "तिनं मला बजावलं होतं, तुम्ही हात लावू नका म्हणून. माझ्याकडे दिलेच नाहीत. मागच्या वेळचं बशांचं… जाऊ दे. जावईबापू, तुम्ही बोला. मला जमणार नाही."

फोन धसकेरावांच्या हातात आला. त्यांचा हात कोरडा होता. आवाजही कापला नाही.

"हो आई, पोचले सगळे. फार सुंदर आहेत. नाही नाही, वापरायला नाही काढले अजून, रोजच्याला कशाला? वर कपाटात नीट ठेवलेत. हो, बाबा इथंच आहेत. त्यांनी हात नाही लावला."

फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच जावयाकडे मान वर करून, आदरानं बघत होते.

"कपाट कुठलं म्हणालात?" त्यांनी हळूच विचारलं.

"वरचं, बाबा," धसकेराव केरसुणी घेत म्हणाले. "तुमच्या जगाच्या शेजारीच."